फोर बाय फोरमागे जड ट्रेलर: ॲडव्हान्स देण्याआधी काय मोजाल, काय विचाराल

ठाणे-नवी मुंबईत ट्रेलर लागतो तो साधारण चार प्रकारच्या लोकांना. स्वतःची छोटी बोट खाडीत किंवा अलिबागकडे नेणारे. ऑफ-रोडसाठी तयार केलेली जिम्नी किंवा जुनी जीप रस्त्यावर न झिजवता लादून नेणारे. महापे, रबाळे, तळोजा एमआयडीसीत जनरेटर नाहीतर कॉम्प्रेसर फिरवणारे. आणि तंबूचा ट्रेलर घेऊन कोकणात उतरणारे. चौघांचीही सुरुवात बहुधा एकाच ठिकाणी चुकते. कळंबोलीत ट्रेलर बनवणाऱ्याकडे जायचं, सांगाडा बघायचा, भाव करायचा, ॲडव्हान्स द्यायचा आणि मग विचारायचं, "आपली गाडी ओढेल ना?" समोरचा म्हणतो, "आरामात."

तो खोटं बोलत नाही. दोन टन डिझेल एसयूव्ही दोन टन ओढतेच. पण ओढण्यापेक्षा थांबवणं, तोल राखणं आणि आरटीओतून सुटणं जास्त अवघड आहे. फोर व्हील ड्राइव्हचा फायदा निसरड्या चढावर होतो. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. म्हणून निवड ट्रेलरपासून नाही, तुमच्या गाडीच्या आकड्यांपासून सुरू करायची.

या लेखात 'जड' म्हणजे भरल्यावर ७५० किलोच्या वर आणि ३,५०० किलोच्या आत. आपल्याकडच्या वर्गवारीत हा टी-२ गट. ७५० किलोपर्यंतचे टी-१, साडेतीन टनांच्या पुढचे टी-३ आणि टी-४. ते या लेखाचं काम नाही.

१. काय लादणार ते किलोत लिहून काढा

'बोट' किंवा 'जीप' असं लिहून चालत नाही. जिम्नी लादायची असेल तर गाडी सुमारे १,२०० किलो. त्यात जास्तीचे टायर, जॅक, हत्यारं, जेरीकॅन मिळून १५० किलो सहज होतात. डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम, पाणी लिटरला एक किलो. जनरेटरचं वजन त्याच्या प्लेटवर असतं, पण ते कोरडं की ऑइल-कूलंटसह, हे विचारून घ्या. बोटीच्या माहितीपत्रकात बऱ्याचदा नुसत्या सांगाड्याचं वजन असतं. आउटबोर्ड इंजिन, बॅटरी, नांगर आणि टाकी वेगळी धरावी लागते.

मग ट्रेलरचं स्वतःचं वजन. बनवणारा सांगतो त्यापेक्षा ते नेहमी जास्त भरतं, कारण तो सांगाड्याचं सांगतो आणि तुम्ही नंतर स्टेपनी, विंच, रॅम्प, पेटी वाढवता. तळाचा पत्रा हे सगळ्यात फसवं. ३ मिमी लोखंडी पत्रा चौरस मीटरला २३.५ किलो भरतो. ४ मीटर लांब, १.८ मीटर रुंद पूर्ण तळ म्हणजे एकट्या पत्र्याचे १७० किलो. चाकांपुरत्या ४५ सेंमीच्या दोनच पट्ट्या ठेवल्या, तर तेच काम ८५ किलोंत होतं. गाडी लादणाऱ्याला पूर्ण तळ बहुतेक वेळा लागतच नाही.

जिम्नीचा हिशेब असा: गाडी १,२००, सामान १५०, दोन ॲक्सलचा ट्रेलर ६५०. एकूण २,००० किलो. पुढचं सगळं याच उदाहरणावर.

२. गाडीचे पाच आकडे मिळवा

आरसी, ओनर्स मॅन्युअल आणि दाराच्या खांबावरची किंवा बॉनेटखालची प्लेट, या तीन जागी शोधा:

- गाडीचं रिकामं वजन
- गाडीचं कमाल भरलेलं वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू
- मागच्या ॲक्सलवर चालणारा कमाल भार
- ब्रेक असलेला आणि ब्रेक नसलेला ट्रेलर ओढण्याची मर्यादा (हे दोन वेगळे आकडे असतात)
- हिचच्या (गाडीमागे ट्रेलर जोडायच्या सांध्याच्या) बॉलवर उभा, म्हणजे वरून खाली, चालणारा कमाल भार

भारतातल्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये शेवटचे दोन सापडत नाहीत. मग लोक इंटरनेटवर जातात, आणि पहिला मोठा सापळा तिथेच आहे. ऑस्ट्रेलियात फोर बाय फोर हायलक्सला ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी ३,५०० किलोची मान्यता आहे. जिम्नीला परदेशात ब्रेकसह १,३०० आणि ब्रेकशिवाय फक्त ३५० किलो आहे. हे आकडे खरे आहेत, पण त्या देशात विकलेल्या गाडीचे. तिथली स्प्रिंग, कूलिंग, गिअरचं प्रमाण, कंपनीची हिच आणि ट्रेलरच्या ब्रेकचा नियम, हे सगळं त्या आकड्यात गृहीत आहे. नाव तेच असलं तरी इथली गाडी तीच असेल असं नाही. मॅन्युअल गप्प असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला चासी नंबर देऊन ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या. शोरूममधल्या सेल्समनचं तोंडी 'हो सर' अपघातानंतर कुठेच दाखवता येत नाही. कंपनीने लेखी नकार दिला तर विषय संपला. त्या गाडीमागे जड ट्रेलर नको.

३. हिशेब कागदावर करा

जवळजवळ प्रत्येकजण 'गाडी अडीच टन ओढते' एवढा एक आकडा पकडून बसतो आणि हीच पायरी गाळतो.

ट्रेलरचा पुढचा दांडा हिचवर टेकतो आणि तिथे भार देतो. बॉल हिचच्या जड ट्रेलरला हा भार भरलेल्या ट्रेलरच्या सुमारे १० टक्के असावा. फार कमी असला तर ट्रेलर डुलायला लागतो, फार जास्त असला तर गाडीचं तोंड वर उचलतं. आपल्या २,००० किलोंच्या ट्रेलरचा दांड्याचा भार २०० किलो. हा भार गाडीच्या माथी आहे. म्हणजे माणसं आणि सामान यांच्याच वाट्यातून तो जातो.

समजा गाडी रिकामी २,१०० किलो आणि जीव्हीडब्ल्यू २,७०० किलो. हातात राहिले ६०० किलो. चार माणसं सरासरी ७५ किलोंची, गेले ३००. हिच आणि तिचा सांगाडा ३५. बॅगा, फ्रिज, रूफ कॅरियर ७५. उरले १९० किलो. दांड्याला हवेत २०० किलो. ओढण्याची मर्यादा अडीच टन असूनही गाडी इथेच भरली. एकतर कॅरियर काढा, नाहीतर एका मित्राला दुसऱ्या गाडीतून पाठवा.

आणखी एक गोष्ट. हिच मागच्या ॲक्सलच्या मागे असते, त्यामुळे तिथला भार तरफेसारखा काम करतो. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) २.७५ मीटर आणि बॉल मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे असेल, तर २०० किलोंमुळे मागच्या ॲक्सलवर सुमारे २८७ किलो वाढतात आणि पुढच्यावरून ८७ किलो कमी होतात. स्टिअरिंग हलकं लागणं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जाणं, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं उशिरा वळणं, हे सगळं त्या ८७ किलोंचं काम. म्हणून मागच्या ॲक्सलची मर्यादा वेगळी तपासायची. मागे कडक स्प्रिंग टाकली की गाडी सपाट दिसते, पण ॲक्सलची मर्यादा तिने वाढत नाही.

शेवटी जे उत्तर येईल त्यातून १५ ते २० टक्के सोडून द्या. कसारा किंवा बोरघाट, एप्रिल-मे, एसी चालू. इतकी सूट लागतेच.

४. कागद: ऑर्डरच्या आधी, नंतर नाही

मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे आणि त्याची नोंदणी गाडीइतकीच सक्तीची आहे. 'गाडीला जोडलंय, वेगळं काय पासिंग' असं सांगणारे भरपूर भेटतील. कायद्याचं कलम ६१ ट्रेलरच्या नोंदणीसाठीच आहे. शिवाय ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर मागे दिसला पाहिजे.

बनवणाऱ्याला पहिला प्रश्न भावाचा नको, हा विचारा: "या मॉडेलला टाइप अप्रूव्हल (मॉडेल नियमांत बसत असल्याची मान्यता) आहे का? फॉर्म २२ तुमच्या नावाने देणार का?" फॉर्म २२ म्हणजे वाहन नियमांनुसार बनवल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर आरटीओ नोंदणी करत नाही. टाइप अप्रूव्हल पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी अशा मान्यताप्राप्त संस्था देतात. एका ट्रेलरसाठी ते स्वतः करून घेणं परवडणारं नाही. वेल्डिंग कितीही सुंदर असो, ज्याच्याकडे हा कागद नाही त्याचा ट्रेलर तुमच्या अंगणात शोभेसाठी उभा राहील.

वापर कसला ते आधी ठरवा, कारण वर्ग त्यावर ठरतो. केंद्राच्या वर्गवारीत खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर, तसंच जनरेटर, कॉम्प्रेसर किंवा रिग बसवलेला ट्रेलर हे बिगर-परिवहन वाहनांत येतात. भाड्याने माल वाहायचा असेल तर परिवहन वर्ग, पिवळी पाटी, फिटनेस आणि पुढचं सगळं आलं. खासगी म्हणून नोंदवून भाडं मारायचं हा विचार असेल, तर विम्याचा दावा फेटाळण्याचं कारण तुम्हीच लिहून देताय.

लागणारी कागदपत्रं:

- नोंदणीचा अर्ज, फॉर्म २०
- विक्रेत्याचं विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २१
- उत्पादकाचं प्रमाणपत्र, फॉर्म २२. बॉडी दुसरीकडे बांधली असेल तर फॉर्म २२-अ
- टाइप अप्रूव्हलची प्रत
- जीएसटीसह बिल, त्यावर ट्रेलरचा चासी नंबर
- विमा
- पत्त्याचा पुरावा आणि पॅन
- कर्ज असेल तर बँकेचा कागद
- ओढणाऱ्या गाडीची आरसी आणि विमा, सोबत दाखवायला

पत्त्याप्रमाणे आरटीओ असे: ठाणे एमएच-०४, कल्याण एमएच-०५, नवी मुंबई एमएच-४३, पनवेल एमएच-४६. खारघर-कामोठ्याची मंडळी सवयीने वाशीकडे धावतात. त्यांच्या पत्त्याचं आरटीओ पनवेलला. फॅब्रिकेटरला ॲडव्हान्स देण्याआधी फॉर्म २२ चा नमुना आणि अप्रूव्हलची प्रत घेऊन आपल्या आरटीओत एकदा दाखवून या. अर्धा दिवस जाईल, पण फॅब्रिकेटरचं बोलणं किती खरं ते तिथेच कळेल.

विम्याचं दुहेरी काम असतं. ट्रेलरचा स्वतःचा विमा आणि गाडीच्या पॉलिसीत ट्रेलर ओढण्याची नोंद. दुसरी हमखास राहते. एजंटला फोन नको, कंपनीला ईमेल करा: अमुक गाडीमागे अमुक वजनाचा ट्रेलर आणि बाहेरून बसवलेली हिच, हे कव्हर आहे का? त्यातच लायसन्सचा वर्ग पुरेसा आहे का तेही विचारून घ्या. कलम ५२ नुसार आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, म्हणून हिचबद्दल आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना आधी विचारलेलं बरं.

५. ब्रेक

७५० किलोंच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. यात घासाघीस नको. २,००० किलोंचा बिनब्रेकचा ट्रेलर म्हणजे गाडीच्या ब्रेकना जवळपास दुप्पट वस्तुमान थांबवायचंय, आणि तेही मागून ढकलणारं. वळणावर ब्रेक मारला की तो गाडीचं बूड बाजूला सारतो.

पर्याय व्यवहारात दोन. ओव्हर-रन ब्रेकमध्ये गाडी मंदावली की ट्रेलर पुढे सरकतो, दांड्यातला रॉड दाबला जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. गाडीला वायर लागत नाही, गाडी बदलली तरी चालतं. खोट दोन ठिकाणी. रिव्हर्स घेताना, विशेषतः चढावर, ब्रेक आपोआप लागतात. म्हणून रिव्हर्सला सुटणारे ब्रेक-शू आहेत की हाताने अडकवायचा खटका, ते विचारा. दुसरं, लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलत असतो, त्यामुळे ब्रेक सतत थोडे लागलेले राहतात आणि ड्रम तापतात.

इलेक्ट्रिक ब्रेकला गाडीत कंट्रोलर आणि बॅटरीपासून मागपर्यंत जाड वायर लागते. खर्च जास्त, पण ट्रेलर डुलायला लागला तर नुसते ट्रेलरचे ब्रेक हाताने लावता येतात. दीड-दोन टनांच्या वर आणि नेहमी घाट असेल तर हाच घ्यावा. बोटीच्या ट्रेलरला मात्र नको. खारं पाणी त्याच्या मॅग्नेटची आणि वायरिंगची वाट लावतं. तिथे ओव्हर-रनवर चालणारे हायड्रॉलिक बरे.

दोन्हीत ब्रेकअवे हवा. हिच निसटली तर एक बारीक वायररोप ओढला जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. हा रोप गाडीच्या चासीला किंवा हिचच्या पक्क्या कडीला अडकवायचा. बॉलच्या मानेत गुंडाळलेला सर्रास दिसतो. बॉल तुटला तर रोपही बॉलबरोबर जातो.

६. ॲक्सल, टायर आणि सांगाडा

एक ॲक्सल की दोन, याचं उत्तर टायरच्या लोड इंडेक्समध्ये (टायरवर छापलेल्या, तो किती भार पेलतो ते सांगणाऱ्या आकड्यात) आहे. २,००० किलोंतले २०० दांड्यावर गेले, १,८०० चाकांवर राहिले. एक ॲक्सल घेतला तर चाकाला ९०० किलो. १९५ आर १४ सी या साध्या कमर्शियल टायरचा इंडेक्स १०६, म्हणजे ९५० किलो. खड्ड्यासाठी उरले फक्त ५० किलो, आणि घोडबंदरचा पावसाळी खड्डा एवढ्यावर ऐकत नाही. दोन ॲक्सल घेतले तर चाकाला ४५०, त्यावर २० टक्के सूट धरून ५४०; इंडेक्स ९० म्हणजे ६०० किलो पुरतो. शिवाय एक टायर फुटला तर ट्रेलर लगेच आडवा जात नाही. बदल्यात दोन ॲक्सलचा ट्रेलर हाताने फिरवता येत नाही, आणि जागच्या जागी वळताना टायर घासतात. भरलेलं वजन १,२०० किलोंच्या आत असेल तर एक ॲक्सल पुरे.

जमलं तर ट्रेलरची चाकं गाडीच्याच नटांच्या मापाची घ्या. फॉर्च्युनर, हायलक्स, व्ही-क्रॉस यांना सहा नट, १३९.७ मिमीचं वर्तुळ. जिम्नीला पाच नट, तेच वर्तुळ. मग दोघांना एक स्टेपनी चालू शकते, पण ऑफसेट, सेंटर बोअर आणि टायरचं माप जुळतं का ते एकदा प्रत्यक्ष लावून बघा.

सापळा: ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे ॲक्सल आणि टायर. स्वस्त मिळतात, दणकट दिसतात. त्या टायरवर वेगाचं चिन्ह बघा. ए-८ म्हणजे ताशी ४० किमी. सायन-पनवेल हायवेवर ७० ने नेलात की तापून फुटतात. ट्रॉलीला बऱ्याचदा कमानीचे पाटेही नसतात. मग सगळे दणके सांगाड्याला आणि हिचला.

लोखंड आयएस २०६२ या पोलादाच्या भारतीय मानकाचं आहे का ते विचारा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात टेस्ट सर्टिफिकेट मिळतं. बनवणारा देत नसेल तर त्याने भंगारातला चॅनेल वापरलाय असं समजायला हरकत नाही. खाडीकाठच्या हवेत रंगापेक्षा हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या जस्ताचा मुलामा) बरं, बोटीच्या ट्रेलरला तर सक्तीचंच. चौकोनी बंद पाइप आतून गंजतो आणि बाहेरून नवा दिसतो, म्हणून खाली पाणी जायला भोकं हवीत. तडा कुठे जातो ते ठरलेलं आहे: दांडा सांगाड्याच्या पहिल्या आडव्या पट्टीला मिळतो तिथे. त्या जागी नुसतं आडवं वेल्डिंग असेल तर घेऊ नका. दांडा पहिल्या पट्टीखालून मागे निदान दुसऱ्या पट्टीपर्यंत गेलेला हवा.

७. हिच, बॉल, साखळी, वायर

हिच गाडीच्या चासीला बोल्टने बसते, ८.८ किंवा १०.९ ग्रेडच्या. बंपरला नाही, आणि चासीवर वेल्डिंग तर मुळीच नाही. हिचवर तिची ओढण्याची आणि उभ्या भाराची मर्यादा कोरलेली हवी. बाजारात 'थारची हिच' म्हणून मिळणाऱ्या कित्येक वस्तू पार्किंगमध्ये मागच्याने ठोकू नये यासाठीच्या असतात. प्लेट नसेल तर तिला शोभेची समजा.

बॉलच्या मापात बारीक फसगत आहे. ५० मिमी आणि २ इंच, म्हणजे ५०.८ मिमी, ही दोन वेगळी मापं आहेत. २ इंची कपलरमध्ये (दांड्याच्या टोकाला, बॉलवर बसणाऱ्या वाटीत) ५० मिमीचा बॉल बसतो, पण सैल. खडखडत जातो आणि कपलर वर उचलला जाऊ शकतो. उलट केलं तर अडकून बसतो. दोन्हीवर कोरलेलं माप वाचा, नाहीतर व्हर्नियर लावा.

साखळ्या दोन, दांड्याखालून फुलीसारख्या आडव्या. कपलर सुटला तरी दांडा त्या फुलीत झेलला जातो, डांबरात रुतत नाही. लांबी वळणापुरती, लोंबून घासली की कडी झिजते. अडकवायला रेटिंग कोरलेला शॅकल, साधा हुक नाही.

सात पिनांच्या प्लगचा ठरलेला रंगक्रम: पिवळा डावा इंडिकेटर, निळा फॉग, पांढरा अर्थ, हिरवा उजवा इंडिकेटर, तपकिरी उजवा टेललाइट, लाल ब्रेक, काळा डावा टेललाइट. इलेक्ट्रिशियनला हेच लिहून द्या. 'सगळं चालतं, पण ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लागतो' ही तक्रार म्हणजे अर्थ कच्चा. ट्रेलरची अर्थ बॉलवर अवलंबून न ठेवता पांढरी वायर थेट बॅटरीच्या अर्थपर्यंत न्या. नव्या गाड्यांत मूळ दिव्याच्या वायरला जोड मारला की डॅशबोर्डवर चूक येते. तिथे वेगळं ट्रेलर मॉड्यूल लागतं. पावसाळ्याआधी पिनांना सिलिकॉन ग्रीस.

८. ठेवणार कुठे?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी सुचतो आणि सगळ्यात जास्त ट्रेलर यामुळेच परत विकले जातात. सोसायटीची पार्किंगची जागा साधारण अडीच बाय पाच मीटर. ४ मीटरच्या तळाचा ट्रेलर दांड्यासह साडेपाचच्या पुढे जातो. दुमडणारा किंवा काढता येणारा दांडा मिळत असेल तर घ्या. पोडियमचा रॅम्प असेल तर लांब ट्रेलरचं बूड माथ्यावर घासतं. आधी रिकामा नेऊन बघा. सोसायटीची परवानगी लेखी, ठरावासह. नेरूळ-खारघरच्या सर्व्हिस रोडला महिनोन्महिने उभा ठेवायचा बेत असेल, तर वाहतूक पोलिसांच्या क्रेनशी ओळख होईल.

उभा करताना चाकांना लाकडी पाचर आणि हँडब्रेक मोकळा. पावसाळ्यात ओढून ठेवला तर शू ड्रमला चिकटतात.

९. वजनकाट्यावर तीन नोंदी

ट्रेलर आला की पूर्ण भरून काट्यावर न्या. कळंबोलीत, तुर्भ्याच्या एपीएमसीजवळ काटे पावलोपावली आहेत. नोंदी अशा:

- फक्त गाडी, सगळी माणसं आणि भरलेली टाकी
- गाडी आणि ट्रेलर जोडलेले, दोन्ही काट्यावर
- जोडलेलेच, पण फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर

दुसऱ्यातून तिसरी वजा केली की जोडलेल्या अवस्थेत गाडी किती जड झाली ते कळतं. हा आकडा जीव्हीडब्ल्यूच्या आत हवा. त्यातून पहिली वजा केली की दांड्याचा भार. पण ट्रकचे काटे १० किंवा २० किलोंच्या टप्प्याने मोजतात, त्यामुळे दांड्याचा आकडा ढोबळ येतो. नेमका हवा तर भंगारवाल्याचा ३०० किलोंचा प्लॅटफॉर्म काटा घ्या, सपाट जमिनीवर, दांडा प्रवासात असतो तितक्याच उंचीवर टेकवून. कमी आला तर लादलेली जीप थोडी पुढे घ्या, जास्त आला तर मागे. बरोबर जागा सापडली की तळावर रंगाची रेघ मारा आणि तिथे चाकाचा अडसर वेल्ड करून टाका.

पाण्याची टाकी लादणाऱ्यांना एक सूचना. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्यापेक्षा वाईट, कारण पाणी मागेपुढे धावतं आणि दांड्याचा भार क्षणाक्षणाला बदलतो. आत आडव्या पट्ट्या असलेलीच टाकी घ्या.

१०. पहिल्या फेऱ्या

रविवारी पहाटे तळोजा एमआयडीसी किंवा उलव्याच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर. आधी फक्त रिव्हर्स. स्टिअरिंग खालून धरा. हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलरचं बूड जातं. मग गायमुखचा चढ किंवा बेलापूरच्या पारसिक टेकडीचा रस्ता: चढावर थांबून पुन्हा उठवणं, उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरणं. ज्या गिअरमध्ये गाडी ब्रेकशिवाय वेग धरून उतरते तोच गिअर, आणि तो उतार सुरू होण्याआधी.

पार्ट-टाइम फोर बाय फोर कोरड्या काँक्रीटवर लावू नका. पुढच्या-मागच्या चाकांना वळताना वेगळा वेग हवा असतो, तो मिळत नाही आणि ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) येतो. मागे ट्रेलर असताना तो अधिकच. जेट्टीचा शेवाळलेला उतार, चिखल, गवत, इथे खुशाल लावा. सोसायटीच्या रॅम्पवर रिव्हर्स ढकलताना क्लचचा वास यायला लागतो. तिथे लो-रेंज क्लच वाचवते, पण स्टिअरिंग जवळपास सरळ असेल तेवढंच.

हायवेला ८० च्या आत राहा. ट्रेलर डुलायला लागला तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, गाडीचे ब्रेक मारू नका, आणि वेग वाढवून 'ओढून सरळ' करायला तर मुळीच जाऊ नका. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर हातानेच ट्रेलरचे लावा. अटल सेतूवर आडवा वारा लागतो. मोठी बस शेजारून गेली की धक्का बसतो, हात घट्ट ठेवा. टोलवर यंत्र ॲक्सल मोजतं आणि तुमच्या कारचे तीन-चार निघतात, त्यामुळे वर्गावरून वाद होऊ शकतो. दोन्ही आरसी हाताशी असू द्या.

बोटवाल्यांनी जेट्टीवर पोचल्याबरोबर ट्रेलर पाण्यात घालू नये. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. हब हाताला गार लागेपर्यंत थांबा, दिव्यांचा प्लग काढा, मग उतरवा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं ओघाने आलंच.

सोबत ठेवायचं सामान: ट्रेलरच्या नटांचा पाना आणि टॉर्क रेंच, भरलेला ट्रेलर उचलणारा जॅक, दोन पाचर, बेअरिंगचा एक पूर्ण संच सीलसह, ग्रीस, जास्तीचा कपलर पिन, फ्यूज, रिफ्लेक्टर त्रिकोण.

नव्या ट्रेलरचे चाकांचे नट पहिल्या ५० किमीनंतर पुन्हा आवळा, कमानीचे यू-बोल्टही. प्रत्येक थांब्याला चारही हबना उलटा हात लावा. तीन कोमट आणि एक चटका देणारा असेल तर तिथे बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक सुटत नाहीये. चाक उचलून हाताने फिरवून बघितल्याशिवाय पुढे निघू नका.